दुसऱ्यांदा विचारण्याचा हक्क

(ग्वाल्हेर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलांना आयुष्यभर इंग्रजी शिकवले. त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात की 'आन्सर'च्या जागी 'रिप्लाय' लिहिलेला त्यांना खपत नसे. पत्राला रिप्लाय, प्रश्नाला आन्सर, आणि आरोप असेल तर आन्सरच. व्याख्यानाचा विषय सुचवला गेला तेव्हा हे भेद मनात आले. पण ते मला व्याकरणासाठी नको आहेत. उत्तर देणे म्हणजे नक्की काय, ते कोणी कोणाला द्यायचे, आणि न दिल्यास काय, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. या शहराचा आणि इथल्या मराठी माणसांचा त्या प्रश्नाशी दोनशे वर्षांहून जुना संबंध आहे.

आधी शब्द थोडक्यात पाहू. 'आन्सर' जुन्या इंग्रजीतला. त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ 'विरुद्ध' आणि दुसऱ्याचा 'शपथ'. आरोप झाला की समोर उभे राहून शपथेवर सांगायचे, तो आन्सर. 'रिस्पॉन्ड' लॅटिनमधून आला, त्यात वचनाला वचन देण्याचा अर्थ आहे, आणि 'रिस्पॉन्सिबल' त्याच घराण्यातला. 'अकाउंट' मोजण्यापासून निघाला, म्हणून 'अकाउंटेबल' म्हणजे ज्याला हिशेब द्यावा लागतो तो. राहिला 'रिप्लाय'. त्याच्या मुळाशी शपथ नाही, वचन नाही, हिशेबही नाही. उलट घडी घालणे, परत दुमडणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. सरकारी कचेरीतून अनेकदा आपल्या हाती पडते ते नेमके हेच.

मराठीत आपल्याकडे उत्तर आहे, जबाब आहे, खुलासा आहे, कैफियत आहे आणि 'जाब' आहे. जाब कोणी आपणहून देत नाही, तो विचारावा लागतो. 'जबाबदारी' या शब्दाचे मात्र आपण हाल केले. मुलीच्या लग्नाची जबाबदारी, घराच्या हप्त्यांची जबाबदारी, गणेशोत्सवात मांडवाची जबाबदारी. शब्दातला भार तेवढा उरला, आणि त्यातला जबाब बहुतेकांच्या लक्षातून गेला. ग्वाल्हेरची मराठी माणसे दिवसभर हिंदीत वावरतात, त्यामुळे त्यांना एक सोय आहे. हिंदीत जिम्मेदारी वेगळी आणि जवाबदेही वेगळी. काम अंगावर घेणे ही जिम्मेदारी, आणि ते कसे केले हे विचारणाऱ्याला सांगावे लागणे ही जवाबदेही. आज मी दुसरीबद्दल बोलणार आहे.

मराठी राज्याला ही जवाबदेही ठाऊक नव्हती असे समजू नका. पेशवाईतल्या मामलतदाराच्या शेजारी फडणीस, मुजुमदार असे दरकदार बसत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. त्यांची नेमणूक वरून होई आणि त्यांच्या हातचे शेरे असल्याशिवाय हिशेब हुजुरात मान्य होत नसे. ज्याच्या कामाचा हिशेब आहे त्याच्या मर्जीवर हिशेब लिहिणारा अवलंबून नसावा, हे तत्त्व आपल्या लोकांनी इंग्रजांकडून शिकलेले नाही. आजच्या कित्येक संस्थांत तपासनिसाची नेमणूक अध्यक्षांच्या शब्दावर होते. त्या मानाने ती जुनी व्यवस्था अधिक शहाणी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

पण ती व्यवस्था मामलतदारापर्यंत चाले. सरदार मोठा झाला की तिचे हात तोकडे पडत. आपल्याच संस्थानाच्या शिंदे घराण्याचे उदाहरण घ्या. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकची, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, सनद घेऊन 1792 साली पुण्याला आले. नाना फडणविसांची मागणी होती की हिंदुस्थानातल्या वसुलीचा हिशेब द्या. महादजींचे म्हणणे असे की फौजेवर झालेला खर्च वसुलीपेक्षा मोठा आहे, तेव्हा पुणे दरबारनेच तो भरून द्यावा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. कवायती पलटणी, तोफखाना, सॅव्हॉयहून आलेल्या द बॉयन्य या सेनापतीचा पगार, यांचा खर्च प्रचंड होता. आणि पुण्याचा पैसा, पुण्याचे नाव हेही खरेच होते. महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीला वारले. या दोन थोर पुरुषांपैकी एकाला खोटे ठरवावे असे मला वाटत नाही. एवढेच दिसते की हिशेब मागणारा आणि देणारा यांच्यावर तिसरा कोणी नव्हता. पेशवे सवाई माधवराव तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. मागणी होती, उत्तर होते, निवाडा करणारा नव्हता. अशा ठिकाणी उत्तराची किंमत देणाऱ्याच्या फौजेइतकीच असते.

आता 1862 साली या. या वर्षी गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात पहिल्यांदा तीन हिंदी गृहस्थ बसले. पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग, बनारसचे राजा देवनारायणसिंग आणि तिसरे सर दिनकरराव राजवाडे. दिनकरराव मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचे. वयाच्या पंधराव्या वर्षी ग्वाल्हेरच्या चाकरीत शिरले आणि जयाजीरावांचे दिवाण झाले. 1857च्या वादळात त्यांनी महाराजांना कंपनीच्या बाजूला धरून ठेवले. त्याबद्दल लोक आजही भांडतात आणि भांडावे. संस्थानचा महसूल आणि न्यायव्यवस्था रुळावर आणणारा दिवाण म्हणून त्यांचे नाव मात्र सर्वांनी मान्य केले. अशा माणसाला देशाच्या कायदेमंडळात जागा मिळाली, याचा इथल्या मराठी समाजाला अभिमान वाटणे साहजिक आहे.

त्या मंडळात त्यांना काय करता येत होते ते पाहा. 1861च्या कायद्याने सभासदांना सरकारी कारभारावर प्रश्न विचारण्याची मुभा ठेवलेली नव्हती. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच. ही मनाई सहज झालेली नव्हती. 1854 साली स्थापन झालेल्या आधीच्या कायदेमंडळात सगळेच सभासद इंग्रज होते, पण तरीही ते सरकारला खर्चाबद्दल आणि तक्रारींबद्दल प्रश्न विचारू लागले. लंडनमधल्या मंत्र्यांना हे धाकटे पार्लमेंट आवडले नाही. म्हणून नवा कायदा करताना एका हाताने हिंदी माणसाला खुर्ची दिली आणि दुसऱ्या हाताने सगळ्याच खुर्च्यांवरचा प्रश्न काढून घेतला. देवरुखच्या या बुद्धिमान माणसाला कलकत्त्यात बसून सरकारला एक साधा प्रश्नही विचारता येत नव्हता.

तेच दिनकरराव बारा-तेरा वर्षांनी पुन्हा एका मोठ्या आसनावर दिसतात. ही हकिकत मला आज सविस्तर सांगायची आहे, कारण ग्वाल्हेरची दोन माणसे तिच्या मध्यभागी आहेत आणि ग्वाल्हेरमध्ये ती फारशी सांगितली जात नाही.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड आणि तिथले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांचे पटत नव्हते. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, यात शंका नाही. फेअरसाहेबांचा स्वभाव उद्दाम होता, हेही वरच्यांना कळून चुकले होते. दादाभाई नौरोजी तेव्हा बडोद्याचे दिवाण. 2 नोव्हेंबर 1874 रोजी महाराजांकडून व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता गेला की हा रेसिडेंट बदलून द्या. 9 नोव्हेंबरला सकाळी फिरून आल्यावर फेअरनी नेहमीचे पपनसाचे सरबत दोन-तीन घोट घेतले. तोंडाची चव बिघडली म्हणून उरलेले खिडकीबाहेर ओतले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली असे सांगण्यात आले. त्याच महिन्यात फेअरना हलवायचे ठरले, म्हणजे खलित्याचे उत्तर आले. पण जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली.

सरकारने चौकशीला सहा जणांचे कमिशन नेमले. तीन इंग्रज, त्यांत कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. तीन हिंदी, ते म्हणजे जयपूरचे महाराज रामसिंग, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव. मल्हाररावांचा बचाव करायला विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित बॅरिस्टर आले. रेसिडेन्सीतले नोकर, हवालदार, जमादार, महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत, हे माफीचे साक्षीदार. बॅलंटाइननी एकेकाची उलटतपासणी केली. उलटतपासणी म्हणजे काय? दिलेल्या उत्तराला पुन्हा प्रश्न. पहिल्या जबाबात घट्ट वाटणारी साक्ष दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला सैल होत गेली.

निकाल तीन विरुद्ध तीन लागला. इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी धरले. जयाजीराव, रामसिंग आणि दिनकरराव यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झालेला मानला नाही. त्या काळी व्हाइसरॉयच्या नेमणुकीने बसलेल्या आणि त्याच सरकारकडून किताब घेतलेल्या माणसांनी असा शेरा देणे सोपे नव्हते. ग्वाल्हेरच्या इतिहासातले हे एक मानाचे पान आहे असे मी मानतो.

सरकारने पुढे काय केले? एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढले, पण त्यासाठी विषप्रयोगाच्या आरोपाचा आधार घेतला नाही. कारण दिले ते कुप्रसिद्ध वर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची अपात्रता. म्हणजे ज्या आरोपाला महाराज उत्तर देत होते त्यावर त्यांना शिक्षा झाली नाही, आणि ज्यावर शिक्षा झाली त्याला उत्तर देण्यासाठी हे कमिशन बसलेलेच नव्हते. मल्हारराव मद्रासला गेले आणि 1882 साली तिथेच वारले. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढचे सयाजीराव महाराज, आणि त्यांनी बडोद्याचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. चांगले झाले. पण चांगल्या परिणामाने ती रीत न्याय्य ठरत नाही. महाराजांना रेसिडेंटला उत्तर द्यावे लागत होते, आणि रेसिडेंटला बडोद्यात कोणालाच उत्तर द्यावे लागत नव्हते. साम्राज्यातली जबाबदारी नेहमी वरच्या दिशेने वाहत असे.

इथून पुढची कहाणी प्रश्न खालून वर पोचवण्याची आहे. 1892च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले. आधी लेखी सूचना द्यायची, सरकार उत्तर वाचून दाखवणार, आणि तिथेच विषय संपला. उत्तर अपुरे असले, टाळाटाळीचे असले, तरी पुरवणी प्रश्न विचारायला मनाई. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. गोपाळ कृष्ण गोखल्यांची आकड्यांनी भरलेली भाषणे या व्यवस्थेतली आहेत. आकडा निरुत्तर करणारा असला तरी सरकारला गप्प बसण्याची सोय होती. 1909 साली पुरवणी प्रश्नाचा हक्क मिळाला, पण ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. दुसऱ्या कोणीही उभे राहून 'पण मग तसे का?' असे विचारण्याची मुभा 1919च्या सुधारणांनंतर आली. गोखले 1915 मध्येच गेले होते.

माझ्या सांगण्याचा गाभा इथे आहे. पहिला प्रश्न विचारू देणे फारसे कठीण नसते. कोणतेही सरकार, संस्था किंवा घरातला कर्ता पुरुष तेवढी मुभा देतो. पहिल्या प्रश्नाला जे मिळते तो बहुधा रिप्लाय असतो. दुसऱ्यांदा विचारण्याचा हक्क असेल तेव्हाच त्याचे उत्तर होते, कारण आता सांगणाऱ्याला ठाऊक असते की आपले म्हणणे तपासले जाणार आहे. आपल्या घरांत मुलांना 'उलट उत्तर देऊ नकोस' म्हणतात. उलट प्रश्नही विचारू देत नाहीत. लहानपणी लागलेली ही सवय मोठेपणी कचेरीच्या खिडकीशी आपल्याबरोबर येते. साहेबांनी एकदा सांगितले की आपण कागद घडी करून खिशात घालतो.

20 ऑगस्ट 1917 रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केले की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने 'रिस्पॉन्सिबल गव्हर्न्मेंट' आणायचे आहे. आधीच्या मसुद्यात स्वराज्याचा शब्द होता, त्या जागी हा शब्द लॉर्ड कर्झननी घातला. कर्झननी तो सावधगिरीने घातला असेल, पण हिंदी पुढाऱ्यांनी तो हातात धरला. मराठीत त्याची 'जबाबदार राज्यपद्धती' झाली. जबाबदार कोणाला, हा प्रश्न लगेच आला. 1919च्या कायद्याने प्रांतांतली शिक्षण, आरोग्यासारखी सोपीव खाती मंत्र्यांकडे दिली, ते मंत्री कायदेमंडळाला जबाबदार. पोलीस, महसूल ही राखीव खाती गव्हर्नरकडेच. म्हणजे शाळेबद्दल जाब विचारता येई, आणि लाठीमाराबद्दल विचारलेल्या जाबाला सरकार बांधलेले नसे.

टिळकांनी त्याच वर्षी अमृतसरच्या काँग्रेसमध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' शब्द पुढे आणला. मराठीत ती 'प्रतियोगी सहकारिता'. सरकार जेवढे देईल तेवढ्या प्रमाणात सहकार्य. टिळकांच्या मागून केळकर, जयकर, मुंजे यांनी याच शब्दावर प्रतिसहकार पक्ष उभारला. त्यांच्या देशभक्तीबद्दल आदर ठेवून सांगतो, हा शब्द मला अपुरा वाटतो. प्रतिसाद देणारे सरकार दयाळू असू शकते, उदार असू शकते, आणि उद्या प्रतिसाद देणे थांबवूही शकते. प्रतिसाद देणाऱ्याच्या इच्छेवर असतो. जबाब विचारणाऱ्याच्या हक्कावर असतो.

संस्थानांत तर हे सगळे फारच मागे होते. संस्थानिकांचे नरेंद्रमंडळ 1921 साली भरले, आपले माधवराव महाराज त्यातले वजनदार सभासद. माधवरावांनी रेल्वे, धरणे, शाळा यांसाठी जे कष्ट केले ते मी कमी लेखणार नाही. रात्री वेष बदलून कारभार पाहणाऱ्या राजांच्या गोष्टी इथे घराघरांत आहेत. पण वेष बदलून हिंडणाऱ्या राजावर अवलंबून राहावे लागणे, म्हणजे आपल्याला विचारण्याचा रस्ता नसणे. याच्या उलट टोकाला सातारा बाजूचे छोटे औंध पाहा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939च्या जानेवारीत, गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन यांची मदत घेऊन, ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना प्रजेला दिली आणि स्वतःचा खाजगी खर्च मर्यादित करून घेतला. राजाने आपण होऊन प्रजेला जाब विचारण्याचा अधिकार दिल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे थोडी आहेत.

ग्वाल्हेरला तो अधिकार भारत स्वतंत्र झाल्यावर पुरता मिळाला. 28 मे 1948 रोजी पंडित नेहरूंनी याच शहरात मध्य भारताचे उद्घाटन केले. जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले आणि लीलाधर जोशी मुख्यमंत्री. मोतीमहालात, जिथे दरबारी कामकाज चाले, तिथे निवडून आलेले लोक मंत्र्यांना प्रश्न विचारू लागले. 1 नोव्हेंबर 1956ला मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि ते प्रश्न भोपाळला गेले.

आणि आज? मध्य प्रदेशाला या बाबतीत एक श्रेय निश्चित आहे. 2010 साली लोकसेवा गारंटी कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. दाखला इतक्या दिवसांत द्यायचाच, न दिल्यास अधिकाऱ्याला दंड. महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा असा कायदा 2015 मध्ये केला. मध्य प्रदेशात दर मंगळवारी जिल्ह्याजिल्ह्यांत जनसुनवाई होते. 181 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तरीही एक कागद मी डोळ्यांनी पाहिला, त्याबद्दल बोलतो. एका वृद्ध बाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन अडले होते. अर्ज दिला, पोच मिळाली, काही आठवड्यांनी उत्तर आले. वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का, मध्ये एकच ओळ, 'आवश्यक कार्यवाही हेतु प्रेषित'. कोणाकडे पाठवला, काय कार्यवाही, किती दिवसांत, यातले काहीही नाही. संगणकावर मात्र त्या तक्रारीपुढे 'निराकृत', म्हणजे निकाली, असे लागले होते. बाईंना वाटले काम झाले. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून आल्या, तेव्हा कळले की खात्यात एक रुपयाही आलेला नाही. मला राग आला आणि अजून आहे. अर्ज फेटाळला असता तर निदान त्याविरुद्ध जाता आले असते. 'निराकृत' या शिक्क्याने त्यांचा दुसऱ्यांदा विचारण्याचा रस्ताच दिसेनासा केला.

यावर कायद्यात जे आहे ते सांगून मी थांबतो, कारण ते प्रत्येकाला उपयोगी आहे. माहितीच्या अधिकाराचा 2005चा कायदा तीस दिवसांत उत्तर मागतो. उत्तर आले नाही तर तो नकार समजला जातो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. या कायद्याने कागदावर असलेली माहिती मिळते. 'का?' या प्रश्नाचे उत्तर मागता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली स्पष्ट केले, आणि तो निकाल दाखवून अनेक अर्ज परत केले जातात. पण त्याच कायद्याचे कलम 4(1)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयाचा ज्याला फटका बसतो, त्याला त्या निर्णयाची कारणे द्यायला सार्वजनिक प्राधिकरण बांधलेले आहे. हे कलम फार थोडे लोक वापरतात.

तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे. घरात, आळीत कोणाला असा एका ओळीचा कागद आला असेल तर तो घडी घालून ठेवू देऊ नका. त्यांच्याजवळ बसा. मी अर्जात काय विचारले होते आणि यात त्यातले काय आले, हे ओळीने लिहून काढा. माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी कोणता शेरा मारला त्याची प्रत मागा, आणि निर्णयाचा फटका तुम्हाला बसला असेल तर कलम 4(1)(घ)चा उल्लेख करून कारणे मागा. उत्तर अपुरे असेल तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी इथल्या मराठी मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही द्यावी लागत नाही.